बाहेरची वाट सहाव्या दवाखान्यातून

"ज्याचा पत्ता आपल्याला लागत नाही, ते पाकीट फेकायचं नाही, बाळ. थोरल्या कचेरीच्या पोत्यात टाकायचं. तिथं कुणीतरी जाणतं बसलेलं असतं."

वडील टपाल लावता लावता हे म्हणायचे, तेव्हा ती टेबलाखाली बसून सुतळीच्या गाठी सोडवत असे. आवाज वरून यायचा, पाकिटांच्या सरसर आवाजात मिसळून, ओवीसारखा संथ. पुढे ती नेटवर्क इंजिनिअर झाली आणि पाहते तो काय, इथेही तेच! राउटर नावाच्या डब्यांना आपापल्या आळीतले पत्ते पाठ असतात. बाकी जगाचं जे काही येईल, ते एका ठरलेल्या वाटेला लावून द्यायचं. ही वाट कुणाकडे आहे, ते डबे एकमेकांना कानोकानी सांगतात. एकाने सांगितलं की सगळे मानतात. तुला कसं माहीत, तुला कुणी सांगितलं, असली उलटतपासणी त्यांच्यात नाही.

दातांच्या सहा दवाखान्यांची ही जोडणी ती एकटी सांभाळत असे, म्हणून सगळे तिला वायरताई म्हणत. पाच दवाखाने चालू होते. सहावा नवा कोरा, अजून उघडायचा होता. त्यातली एकुलती एक खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नव्या नवरीसारखी गप्प. पण त्याच दवाखान्यात दुसऱ्या कंपनीची जादा लाइन येणार होती. मुख्य कचेरीतली लाइन पडली, तर सगळ्यांनी सहाव्यातून बाहेर जायचं, असा बेत.

सकाळी चहा पिताना तिने सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं, की उद्यापासून 'इंटरनेट बंद आहे' हे वाक्य या दवाखान्यांत कुणाच्या तोंडून निघणार नाही. सासूबाईंची त्याच दिवशी चौथ्या दवाखान्यात दाढ दाखवायची वेळ ठरली होती. त्या म्हणाल्या, बघू या.

लाइन जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण वायरताईला धीर कुठला! तिने मुख्य कचेरीत बसूनच सहाव्याच्या राउटरला आज्ञा लिहून ठेवली: बाहेरची वाट तुझ्याकडे आहे, असं सगळ्यांना सांग. राउटर गप्पच. गप्प बसणारच, कारण त्याच्यापाशी वाट नव्हती, आणि नसलेलं सांगायची त्याला सवय नव्हती. तिला वाटलं, आपली आज्ञा नीट लागू पडते का ते एकदा डोळ्यांनी बघावं. म्हणून तिने ओळीच्या शेवटी आणखी एक शब्द जोडला: 'ऑलवेज'. म्हणजे स्वतःकडे वाट असो वा नसो, तू आपला सांगत राहा.

राउटर बोलू लागला. बाकीच्या डब्यांत त्याची घोषणा उमटलेली दिसली, तेव्हा तिला लेकराने पहिलं पाऊल टाकल्यासारखा आनंद झाला. शब्द काढून टाकायचा होता, पण आधी अर्धा कप चहा उरला होता.

तो संपायच्या आत फोन वाजला. दुसऱ्या दवाखान्यातून फोटो बाहेर जात नव्हते. तिने स्वतःच्या स्क्रीनकडे पाहिलं. मुख्य कचेरीत सगळं भरभर चालू होतं. तिने शांतपणे सांगितलं की मशीन बंद करून चालू करा. मग पहिला दवाखाना, मग तिसरा, मग पाचवा. प्रत्येकाला तिने तोच सल्ला दिला, आणि प्रत्येकाने मशीन बंद करून चालू केलं, आणि प्रत्येकाचं जिथल्या तिथे राहिलं. चौथ्यातले डॉक्टर रडकुंडीला आले होते. त्यांच्या खुर्चीत एक बाई आ वासून बसल्या होत्या, अर्धा जबडा बधिर, आणि दाढ ठेवायची की काढायची हे बाहेरच्या तज्ज्ञांना फोटो पाठवून विचारायचं होतं. बाई कोण, हे वायरताईने विचारलं नाही. तिच्या मोबाइलवर सासूबाईंचा निरोप आलाच होता: "तुझी ती दुसरी लाइन म्हणजे हीच का?"

आता गंमत अशी की दवाखाने एकमेकांशी बोलू शकत होते. जुने कागद उघडत होते, मुख्य कचेरी दिसत होती. फक्त जगाकडे जाणारं दार तेवढं बंद. आणि मुख्य कचेरीला ते बंद नव्हतंच! आतलं सगळं धडधाकट आणि बाहेरचं नाहीसं, हे कसलं दुखणं? घाबरायचं सोडून तिला आधी त्याचं नवलच वाटलं. तिने चौथ्यातून निघणाऱ्या एका पाकिटाचा माग काढला. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, सहावा दवाखाना, आणि पुढे नुसत्या चांदण्या. त्या स्क्रीनवर चांदणी म्हणजे उत्तर नाही.

पाच दवाखान्यांचं सगळं टपाल त्या गुंडाळलेल्या खुर्चीपाशी जाऊन पडत होतं.

मुख्य कचेरीच्या वाटेला तिने पूर्वी दहा आकडा दिला होता. सहाव्याच्या वाटेला आकडा द्यायला ती विसरली, आणि न दिलेला आकडा एक धरतात. लहान आकडा म्हणजे जवळची वाट. मुख्य कचेरीच्या राउटरला दारातच स्वतःची लाइन होती, म्हणून तो एकटा फसला नाही.

त्याच वेळी मोठ्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. सहाही दवाखाने त्यांचे. त्यांना राउटर कळत नव्हता, माणसं कळत होती. सकाळपासून राउटरच्या या कपाटाला हात कोणी लावला, एवढंच त्यांनी विचारलं.

कपाटात तेव्हा काका होते. दवाखान्यांचे इलेक्ट्रिशियन, सगळ्यांचेच काका. सकाळी त्यांनी तिथे एक नवा सॉकेट बसवला होता आणि आता ते गुडघ्यावर बसून त्याचा शेवटचा स्क्रू आवळत होते. मॅडमनी सॉकेटकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि हिशेब झाला. न विचारता तारांत हात घालायची ही सवय आता बंद, असं त्यांनी सुनावलं. आजपासून कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहणार नाही.

काकांनी मान वर केली. वायरताईकडे एकदा पाहिलं. कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढायला लागले. कडी घट्ट होती, निघेना.

वायरताईची बोटं कीबोर्डवर होती. तो एक शब्द तिने पुसला आणि एंटर दाबलं.

नेमकी त्याच क्षणी काकांच्या जुडग्यातून किल्ली सुटली, आणि बाजूचा फोन वाजू लागला. दुसऱ्यात आलं. पाचव्यात आलं. चौथ्यातला फोटो गेला, दाढ ठेवायची असा निर्णयही आला. मॅडम किल्ली हातात घेत म्हणाल्या, बघा, यांनी हात बाहेर काढला आणि सुरू झालं!

किती सोपं होतं आता. कुणी तिला काही विचारत नव्हतं. सगळं चालू होतं, मॅडमना बिघाडाचं कारण सापडलं होतं, आणि ते कारण पायात चपला सरकवून निघायच्या बेतात होतं. सतरा वर्षं ती किल्ली त्या कमरेला वाजत होती. काका जिन्यावरून येताहेत हे त्या आवाजावरून कळायचं.

"मॅडम, किल्ली परत द्या त्यांना," वायरताई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "सॉकेटचा काही संबंध नाही. मी एक ओळ लिहिली. जिथे वाट नाही तिथून वाट आहे, असं सगळ्यांना सांगायला लावलं. आत्ता पुसली. तुम्ही आलात तेव्हाच मला कळलं होतं."

मॅडम किल्ली टेबलावर ठेवून काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही का गप्प बसलात?

काकांनी किल्ली उचलली, कडीत अडकवली, जुडगा हलवून पाहिला.

"काय सांगू? त्या सॉकेटची वायर अजून मेन बोर्डाला जोडलेलीच नाही. पण ते सांगितलं असतं, तर तुमचा पुढचा प्रश्न ताईंना गेला असता. आणि त्या तेव्हा टाइप करत होत्या. म्हटलं, आधी त्यांचं होऊ दे."