सामंतकाकूंची बर्फातली मंडळी

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या सामंतकाकूंच्या घरात देवांपेक्षा गोऱ्या नटनट्या जास्त होत्या. सगळ्या जुन्या, कृष्णधवल, स्वित्झर्लंडच्या बर्फात सुट्टीला गेलेल्या. कुणी पायाला लांब फळ्या बांधून घसरतंय, कुणी हॉटेलच्या गच्चीत उन्हाला बसून कॉफी पितंय. रद्दीवाल्याकडून जुनी विलायती मासिकं आणायची, पानं कापायची आणि फ्रेम करून टांगायची. बाहेर मे महिन्यात अंगाची लाही होतेय आणि काकूंच्या हॉलभर बर्फ!

"काकू, घरात नट्या कशाला हो?" माझ्या बायकोने एकदा विचारलं.

"अगं, अंगभर कपड्यातली विलायती नटी फक्त बर्फातच मिळते!"

खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती. एक 'गॉगलवाली' होती. एक उंच नट 'जावईबापू', कारण तो प्रत्येक फोटोत आयता बसलेला. पण निवड भारी चोखंदळ. मी एकदा एका देखण्या नटाचा फोटो नेऊन दिला. काकूंनी चष्मा लावून पाहिला आणि परत केला.

"हा हसत नाहीये रे. मला हसरी मंडळी लागतात."

असतं एकेकाचं खूळ, म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा त्यांच्याकडे खिळा ठोकत असताना त्या आपणहून बोलल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता संजू सैन्यात, कुठेतरी उंचावरच्या ठाण्यावर.

"संजू म्हणतो, तिथे बर्फाशिवाय काही नाही. मी बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसातला. डोळे मिटले की नको नको ते दिसतं. मग यांच्याकडे बघते. बर्फात माणसं हसतातसुद्धा, एवढं बघितलं की झोप लागते."

खिळा केव्हाच आत गेलेला. तरी मी ठोकत राहिलो.

त्या हिवाळ्यात संजूची बरेच दिवस खबर नव्हती. काकूंनी पेपर बंद केला. बोलणंही जवळजवळ बंद. फ्रेमा तेवढ्या सारख्या पुसायच्या.

एका रविवारी आमच्याकडचा फोन वाजला. संजू! मी काकूंना ओढतच आणलं. लाइनवर नुसती खरखर.

"आई, मी खाली आलो!"

काकूंनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि धावत गॅलरी गाठली. "कुठेय रे? इथे तर भाजीवालाच आहे!"

मी संजूचं पुढचं ऐकून घेतलं आणि ओरडलो, "काकू, डोंगरावरून खाली! बदली झाली त्याची, जबलपूरला!"

काकू कठडा धरून तिथेच बसल्या. आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या. दुपारी सगळ्या मजल्याला शिरा.

संध्याकाळी मी पक्कड घेऊन गेलो. "चला काकू, मंडळींना आता निरोप देऊ."

"राहू दे रे."

"आता कशाला? संजू आला ना खाली!"

काकूंनी पदराने गॉगलवालीची काच पुसली.

"त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा त्या बर्फात गेला असेल ना," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईला असली मंडळी कुठे मिळणार? तिच्या वाटचं मीच बघते."