एकशे सदतीस फॉर्मांचं स्टेशन

आमचा धाकटा लग्न करून घरजावई झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी मी लिहायला-वाचायला शिकलो. वय त्रेसष्ट! "घरातून पोरगा गेला आणि बाराखडी आली," असं आमची ही येईल-जाईल त्याला सांगायची.

चाळीस वर्षं मी बेकरीत भट्टीपुढे काढली. तिथे अक्षरांवाचून काही अडलं नाही. पाव काही वाचून भाजत नाहीत! पण थोरल्या सूनबाईने मनावर घेतलं. ती शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी माझ्यापुढे वही टाकायची, एक वाक्य लिहून घ्यायची, बरोबर आलं की लाल शाईने खूण करायची आणि म्हणायची, "बाबा, आता हेच दहा वेळा लिहा." मी लिहायचो. आठ महिन्यांत मला वाटू लागलं, आता जगात आपल्याला अडवणारा कोणी उरला नाही!

तेवढ्यात नोटीस लागली. आमच्या वस्तीच्या मागून मालगाडीचे जुने रूळ जातात. त्यावर प्रवाशांच्या गाड्या सोडायचं ठरलं होतं. नऊ स्टेशनं होणार होती, आणि आमची वस्ती नेमकी दोन स्टेशनांच्या मधोमध, दोन्हीकडून तीन-तीन किलोमीटर लांब. नोटिशीत लिहिलं होतं, लोकांनी आपलं म्हणणं छापील फॉर्मवर द्यावं. एखाद्या वस्तीतून शंभरावर फॉर्म आले तर तिथे स्टेशन देण्याचा विचार होईल.

मला स्टेशन हवं होतं ते हिच्यासाठी. हिची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीन वेळा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रक्त धुऊन घ्यायला जावं लागे. दोन बस, मधे चौकात ताटकळणं, जायला दोन तास, यायला दोन तास. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही खेप चुकवू नका. आणि ही हल्ली सकाळी उठून म्हणायला लागली होती, "आज राहू द्या हो." ते चार शब्द ऐकले की मी आधी हिच्या चपला दारात नेऊन ठेवायचो.

"मी एकटा स्टेशन आणतो!" मी जाहीर केलं.

"आधी कोपऱ्यावरून साखर आणा," ही म्हणाली.

पहिला फॉर्म हिचाच भरला. मी विचारत गेलो, ही पलंगावरून सांगत गेली.

"प्रवासाचं कारण?"

"दवाखाना. मूत्रपिंडं."

"किती वेळा?"

"आठवड्यातून तीनदा. तुम्हाला माहीत नाही का?"

"सोबत कोण असतं?"

"नवरा."

"प्रवासात काय अडचण येते?"

"गुडघे दुखतात. आणि नवरा वाटभर बडबड करतो."

"हेही लिहू?"

"विचारलंय ना त्यांनी? लिहा!"

लिहिलं. सूनबाईने फॉर्म तपासला, लाल शाईने खूण केली, "बाबा, एकही चूक नाही!" म्हणाली आणि आठवडाभर माहेरी गेली.

झालं! मला आभाळ ठेंगणं झालं. खूण झालेला फॉर्म हातात धरून मी वस्तीत घरोघरी निघालो. लोक म्हणाले, "काका, तुम्हीच भरा, आम्ही सही करतो." मी भरले. कसे भरले? अहो, जसं शिकवलं तसे! बरोबर उत्तर लिहिलेला कागद समोर असताना दुसरं काही कशाला लिहायचं? माझी प्रामाणिक समजूत अशी, की सरकारने प्रश्न विचारलाय, त्याचं एक बरोबर उत्तर असणार, आणि ते माझ्याकडे आहे. वर नाव तेवढं बदलायचं, खाली उत्तर तेच. एका साच्यातून शंभर पाव काढणाऱ्या माणसाला यात वावगं काय वाटणार? पाच दिवसांत हिचा धरून एकशे सदतीस फॉर्म! आणि गंमत बघा, जन्मभर वाचता येणाऱ्या त्या एकशे छत्तीस जणांपैकी एकानेही सही करण्याआधी वाचलं नाही!

फॉर्म देऊन आलो त्याच्या बाराव्या दिवशी वस्तीत तीन पांढऱ्या गाड्या शिरल्या.

मला वाटलं, स्टेशनची जागा मोजायला आले. मी पुढे होऊन स्वागत केलं. पण गाड्यांतून मास्क लावलेली माणसं उतरली. दोघे सरळ पाण्याच्या टाकीवर चढले. एकाने नळाचं पाणी बाटलीत भरलं. उरलेल्यांनी चौकात टेबल मांडलं आणि रक्त काढायला सुरुवात केली. आरोग्य खात्याची माणसं होती ती! रेल्वेच्या कचेरीने त्यांना कळवलं होतं, की एका वस्तीत एकशे सदतीस माणसांची मूत्रपिंडं गेली आहेत, पाण्यात काहीतरी भयंकर असणार.

पहाटे व्यायामशाळा चालवणारा आमचा पैलवान दंडाला कापूस लावून गरजत होता, "मला काय झालंय? मी एका दमात दोनशे बैठका मारतो!"

डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "हो, हो. तुमचे गुडघे कसे आहेत आता?"

तीन दिवस नळ बंद! टँकरपुढे बादल्यांची रांग. कुणी म्हणे कारखान्याचं विष, कुणी म्हणे टाकीत साप. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर मृत्युपत्र करायला घेतलं. मला बिचाऱ्या लोकांची दया येत होती. शपथेवर सांगतो, तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता!

तो पडला शाळेच्या हॉलमध्ये, रेल्वेच्या जाहीर सभेत. सगळी वस्ती लोटली होती. टेबलामागे रेल्वेच्या मॅडम होत्या, तिशीतल्या, बारीक चणीच्या. पुढ्यात नकाशा आणि माझे फॉर्म. त्यांनी वरचा फॉर्म उचलून पैलवानाला विचारलं, "आपण आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाता?"

"कधीच नाही!"

"सोबत आपले... नवरे असतात?"

पैलवानाने वळून मागे बघितलं.

"आणि ते वाटभर बडबड करतात?"

मी हळूच उठलो आणि नकाशांच्या कपाटामागे जाऊन उभा राहिलो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातले बरेच शब्द सूनबाईने मला अजून शिकवलेले नाहीत. आयुष्यभर लग्न न केलेला शिंपी ओरडत होता, "माझा नवरा दाखवा मला!" पैलवान मला हॉलभर शोधत होता. मॅडमनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, "नियमाप्रमाणे हे फॉर्म रद्द. एकशे छत्तीस रद्द. एक खरा दिसतोय."

"शब्दन् शब्द खरा आहे," पहिल्या रांगेतून ही म्हणाली.

कपाटामागे मी हिशेब केला. एक फॉर्म! एका फॉर्मवर गाडी थांबत नाही. आता दोन बस, चौकातलं ताटकळणं, आणि एक दिवस ही म्हणणार, आज राहू द्या, आणि मी खरंच राहू देणार.

पण या मॅडमना मी मनातल्या मनात अजून हात जोडतो. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. घड्याळ बघून म्हणाल्या, "सभा संपायला तीन तास आहेत. तोंडी सांगितलेलंही नियमात बसतं. ज्याला जी तक्रार असेल ती सांगा, मी स्वतः लिहून घेते."

तक्रार? माझ्याविरुद्ध तर सगळ्यांचीच होती! रांग दारापर्यंत गेली.

"त्या बेकरीवाल्यामुळे माझं रक्त काढलं!" पैलवान कडाडला.

"लिहिलं. आपण कामाला कुठे जाता?"

"शहरात, मालधक्क्यावर."

"कसे जाता?"

"बसने. दीड तास लटकत!"

"गाडी इथे थांबली तर?"

पैलवान थबकला. आवाज एकदम खाली आला. "थांबली तर... पोरं जागी असताना घरी पोचेन."

मॅडमनी तेही लिहिलं. असं एकेकाचं. भांडायला आलेला प्रत्येक जण बोलता बोलता आपला रस्ता सांगून गेला. पोरींचं कॉलेज, म्हाताऱ्यांचे डोळे, कारखान्याची पाळी. संध्याकाळी मॅडमची बोटं निळी झाली होती आणि वहीत एकशे बेचाळीस खरी म्हणणी होती. अहो, मी नीट फॉर्म भरले असते तर सभेला वीस माणसं तरी आली असती का?

दोन दिवसांनी सकाळी बसस्टॉपवर बघतो तर मॅडम हजर! हातात वही, मनगटावर घड्याळ. हिच्याबरोबर दोन्ही बसमध्ये चढल्या, चौकात हिच्याशेजारी पस्तीस मिनिटं उभ्या राहिल्या. एक तास अठ्ठावन्न मिनिटं, अशी नोंद केली. मग विचारलं, "मावशी, गाडीतून उतरल्यावर किती पावलं चालवेल तुम्हाला?" ही म्हणाली, "चाळीस." आमच्या स्टेशनवर गाडी थांबते तिथून पहिला बाक बरोबर अडतीस पावलांवर आहे. मी मोजलीत.

मंजुरी आली तेव्हा मॅडमनी छापील अहवाल घरी पाठवला. चौऱ्याऐंशी पानं! मी हिला तो बारा दिवसांत मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी, ज्यांनी ज्यांनी आपलं म्हणणं मांडलं त्यांची यादी होती. पैलवान होता, शिंपी होता, ही होती. मी तीनदा वाचली. माझं नाव नाही! वस्तीचे फॉर्म भरता भरता माझाच भरायचा राहिला होता.

"पण सभेला तर मी होतो!" मी म्हणालो.

"होतात ना, कपाटामागे," ही म्हणाली. "कपाटाचं म्हणणं कोण लिहून घेणार?"

स्टेशन त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालं. पुढे दोन वर्षं चार महिने ही त्या गाडीने दवाखान्यात गेली. एकही खेप चुकली नाही. मार्चच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, ती घरीच वारली.