रंगुबाईची डावी चप्पल

रंगुबाईची डावी चप्पल बारा दिवस सापडत नव्हती, आणि बारा दिवस शेजारच्या बनुबाईला सकाळचा चहा शिव्यांबरोबर प्यावा लागत होता. चप्पल साधी नव्हती. टायरच्या तळाची, खिळे ठोकलेली, हातात घेतली तर मनगट वाकावं अशी. रंगुबाई सावेडीला नातीच्या बारशाला गेली तेव्हा नव्या चपला घालून गेली, जुन्या दारात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी परत आली तर उजवी दारात, डावी बेपत्ता.

"एकच न्हेली भवानीनं!" ती कुंपणाशी उभी राहून ओरडे. "दोन्ही न्हेल्या असत्या तर म्हनले असते, गरज हुती!"

"मला काय एकच पाय हाय का गं, रंगे?" पलीकडून बनुबाई.

त्यात मोरणी गाय बिघडली. रंगुबाई बारशाला असतानाच ती व्याली होती. आता अंगात ताप, मागून घाण वासाचा पू, आणि अठरा लिटरचं दूध पाचावर आलेलं. मोरणीची आई ती लहान असतानाच मेली, म्हणून रंगुबाईनं तिला बोटं चोखवून वाढवलेली. मुलगा छगन म्हणाला, "आये, ही आता गाभन ऱ्हायची न्हाई. उद्या व्यापारी येतोय, देऊन टाकू."

"आदी तुला देईन त्याच्या टेम्पोत बसवून!"

मग रंगुबाईनं कारण शोधायला घेतलं. आधी पेंडवाल्याला फोनवर झोडपलं. मग बनुबाईची नजर लागली म्हणून गाईची दृष्ट काढली. शेवटी सून पूजाकडे वळली. "केस मोकळे सोडून गोठ्यात जातीस. गाय बिघडंल न्हाईतर काय हुईल?"

पूजा आत गेली. तिनं जामखेडच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

स्कूटीवरून डॉक्टर अल्मास आली. "ही पोरगी? हिला गाय शिंगावर घील," रंगुबाई फणकारली. डॉक्टरनं खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा चढवला, गाय तपासली आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, गर्भाशय सुजलंय, आत पू झालाय. व्याली तेव्हा ऊन किती होतं?"

"पत्र्यावर भाकर भाजावी इतकं."

"हिरवा चारा?"

"कुठला आनू? नुसता कडबा हाय."

"मग शरीर आतून गंजतं, मावशी, लोखंड गंजतं तसं. व्यायच्या वेळी ताण मोठा. गंज थोपवणारी जीवनसत्त्वं, खनिजं चाऱ्यातून मिळाली नाहीत की वासरामागून यायची वार वेळेवर पडत नाही, सूज धरते. पण इथं अजून एक आहे. वार कोणीतरी ओढलीय, तुकडे आत राहिलेत. तिला वजन बांधलं होतं?"

"कुठल्या मुडद्यानं?" रंगुबाई कडाडली. "नाव सांगा, चपलेनं सोलते त्याला!"

बारा दिवस तोंड दाबून बसलेला छगन एकदम फुटला. "तूच की! बारशातनं फोनवर बोंबलत हुतीस. 'वार लोंबतीय तर जड चप्पल बांद, माजी आई हेच करायची!'"

"म्हनले आसंल. मग?" रंगुबाई थबकली. "कुनाची बांदलीस?"

छगन खुंट्याकडं बघायला लागला. उत्तर पूजानं दिलं. "आत्या, घरात जड अशी एकच हुती."

"कुठं हाय ती?"

"वारंसंगट उकिरड्यात पुरली."

कुंपणापलीकडं बनुबाई हसता हसता खाली बसली.

"बारा दिस तोंडं शिवली हुती का तुमची?"

"तू बनुमावशीला शिव्या देत हुतीस," छगन म्हणाला, "तवर आमाला देत नव्हतीस."

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, पुढच्या चार दिवसांचीही सांगितली, खनिजांची पावडर लिहून दिली, सावली आणि पाणी बजावलं. "मी सांगेपर्यंत दूध डेअरीला घालू नका. आणि गाय विकू नका. माजावर आली की पहिला माज सोडा, पुढच्या माजाला भरवा. राहील गाभण."

"छगन्या, व्यापाऱ्याला फोन कर," रंगुबाई म्हणाली. "म्हनावं, आलास तर उजवी अजून हाय माज्याकडं."

तीन आठवड्यांत मोरणी चौदा लिटरवर आली. त्याच आठवड्यात सकाळी सकाळी बनुबाई कुंपणाशी आली. आवाज मवाळ. "रंगे, माज्या म्हशीची वार रातीपास्नं लोंबतीय. ती तुजी चप्पल देतीस का उकरून?"

रंगुबाई अशी भडकली की मोरणीनं कान टवकारले. "आतनं गंजली तुजी म्हैस! वार वढत्यात व्हय कुठं? आमच्या घरात असलं अडानी काम कवाच झालं न्हाई! पूजा, त्या पोरीला फोन लाव!"

डॉक्टर येईपर्यंत कोणी म्हशीला हात लावू नये म्हणून ती स्वतःच बनुबाईच्या गोठ्यात, म्हशीच्या मागं, उजवी चप्पल हातात घेऊन बसली. बनुबाईनं तिथंच दोन कप चहा आणला. त्यातला आपला चहाही तिला शिव्यांबरोबरच प्यावा लागला.