दिंड्याचे प्रमाणित पान

प्रत्येक वनस्पतीला पान असते आणि सरकारी जंगलातल्या वनस्पतीला पानाची नोंदही असते. पान गळते, नोंद गळत नाही. म्हणून शहाणे खाते पानापेक्षा नोंदीची निगा राखते आणि ते योग्यच आहे.

हे तत्त्व ध्यानात घेऊन १९५७ च्या जून महिन्यात वरच्या कचेरीने पनवेलच्या वनकचेरीला एक परिपत्रक धाडले. मोठ्या झाडांची मोजदाद इंग्रजांनी करून ठेवली होती (त्यांना ती तोडायची होती). पण त्या झाडांखाली जे काही बापडे उगवते त्याची वास्तपुस्त कोणी घेतली नव्हती. स्वतंत्र देशात हा अन्याय चालणार नव्हता. परिपत्रकाने उंच झाडांना 'वरिष्ठ वनस्पती' असा दर्जा दिला आणि त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या झाडझुडपांना 'कनिष्ठ वनस्पती' असा. कनिष्ठांना भत्ता नव्हता, पण तक्ता होता. तक्त्यात दर वनस्पतीला एक ओळ आणि ओळीत पानाच्या लांबीसाठी एक रकाना होता.

हा तक्ता निसीम सामाजी आपटेकर या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडला. निसीम अकरा वर्षे हंगामी होता. (अकरा वर्षांत सागाचे रोप दोन पुरुष उंच होते आणि कोणी त्याला हंगामी म्हणत नाही.) तक्ता बिनआक्षेप मंजूर झाला तर निसीम कायम होणार होता. नाही तर ३१ मार्च १९५९ रोजी त्याची जागाच रद्द होणार होती. घरी त्याच्या बायकोने, शुलामिथने, पलंगाखालची ट्रंक ओढून पुसून ठेवली. तिचा भाऊ हायम दोन वर्षांपूर्वी इस्रायलला गेला होता आणि दर पत्राच्या शेवटी "आता तुम्हीही निघा" असे लिहीत होता. निसीमला कुठेही जायचे नव्हते. पनवेलच्या बाहेर त्याला धड झोपसुद्धा लागत नसे. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो तसा त्याचा जीव त्या रकान्यात अडकला.

निसीमच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. ज्यू धर्मात शनिवार विसाव्याचा, म्हणून तो त्या दिवशी बंद असे आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घाणा गेला, शनिवार राहिला. हेडक्लार्क दयारामअण्णांशी निसीमचा तोंडी करार होता: शनिवारी त्याने यायचे नाही आणि बदल्यात रविवारी येऊन राहिलेले काम उरकायचे. राहिलेले काम बहुधा दयारामअण्णांचेच असे, त्यामुळे हा करार अकरा वर्षे उत्तम टिकला.

पहिला पाऊस जिरल्यावर निसीम फूटपट्टी घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात गेला. सोबतीला पायथ्याच्या वस्तीतली गोदूबाई होती. ती रानभाज्या गोळा करून पनवेलच्या बाजारात विकायची आणि जंगलातली झाडे तिला सोयऱ्याधायऱ्यांसारखी पाठ होती. निसीमने यादीतली पहिली वनस्पती घेतली ती दिंडा. ओढ्याकाठच्या दाट सावलीत दिंड्याचे पान भरले अठरा इंच. रुंद, पातळ, हिरवेगार, आणि देठ वरच्या उजेडाच्या कवडशाकडे मान वाकडी करून उभा. मग तो वरच्या उघड्या माळावर गेला. तिथे दिंड्याचे पान आठ इंच. जाड, राकट, पिवळट, आणि रोप ताठ.

"गोदूबाई, दोन्ही दिंडेच ना?"

"दिंडंच हाय, दुसरा काय आसंल? सावलीत ऱ्हायला तर पान मोठा करून उजेड मागावा लागतो, भाऊसाहेब. उन्हात बसला त्याला कशाला मागायला लागतंय? तो आपला आंग चोरून पानी वाचवतो."

निसीम खरेपणाने वाढलेला माणूस. त्याने रकान्यात लिहिले: 'सावलीत १८, उन्हात ८.' इतक्या वर्षांच्या नोकरीतली ही त्याची पहिली चूक.

तीन महिन्यांत तक्ता परत आला. शेरा असा: 'एकाच वनस्पतीची दोन मापे आढळतात. सबब एक कमी करावे.' निसीमने खुलासा पाठवला की ऊन, सावली, ओल आणि माती यांप्रमाणे रोपाचा आकार बदलतो. उत्तर आले: 'परिस्थितीनुसार बदलण्याची मुभा कनिष्ठ वनस्पतींना कोणत्या आदेशान्वये देण्यात आली, त्याची प्रत जोडावी.'

प्रत सापडली नाही. दयारामअण्णांनी निसीमला शेजारी बसवून घेतले. "आपटेकर, खरं लिहायची इतकी हौस असेल तर घरी डायरी ठेवा. तक्त्यात बेरीज करायची आणि दोनाने भागायचं. तेरा लिहा."

निसीमने तेरा लिहिले. त्यासोबत जोडलेला गोषवारा कचेरीत अजून आदराने वाचला जातो. एकूण मोजलेली पाने ४,११२. पैकी कीड लागलेली ६०९. शेळीने मापाआधीच खाल्लेली ३७ (शेळीमालकास ताकीद, शेळीचा खुलासा समाधानकारक). तेरा इंच भरलेली पाने: शून्य. शिवाय मधेच मेट्रिक पद्धत येऊ घातल्याने इंचांच्या शेजारी सेंटिमीटर लिहावे लागले आणि रानातल्या नव्हे, तक्त्यातल्या सगळ्या पानांची एका दुपारीत अडीचपट वाढ झाली. एवढी वाढ पावसालाही कधी जमली नव्हती.

वरची कचेरी प्रसन्न झाली. इतकी की पुढच्या पावसाळ्यात मोठे साहेब स्वतः येऊन तेरा इंची पान पाहणार असल्याचे पत्र आले. निसीमच्या तोंडचे पाणी पळाले.

तो गोदूबाईकडे गेला. तिने शेण थापता थापता विचार केला. "तेराचा पान पायजे तर आर्धा ऊन, आर्धी सावली लागंल. तसा रान देवान बनवला नाय."

देवाने बनवले नाही ते प्रस्तावाने बनवता येते. एप्रिल १९५८ मध्ये ओढ्याकाठच्या वरिष्ठ वनस्पतींच्या फांद्या 'समान प्रकाशवाटप' या सदराखाली छाटण्यात आल्या. माळावर पनवेलच्या मांडववाल्याकडून भाड्याने आणलेल्या कापडाच्या कनाती ताणण्यात आल्या. (त्यांवर 'शुभविवाह' लिहिलेले होते. रोपांची तक्रार आली नाही.) पाऊस पडला, जुने खोड फुटले आणि नवी पाने आली. ओढ्याकाठच्या दिंड्याने उजेड वाढलेला पाहून पान आखडले. माळावरच्या दिंड्याने सावली पाहून पान पसरले. सप्टेंबरपर्यंत दोघे तेरावर येऊन मिळाले. दिंड्याइतके नोकरीला लायक दुसरे कोणी त्या तालुक्यात नव्हते.

एकच अडचण उरली. साहेबांच्या पाहणीचा दिवस शनिवार निघाला.

निसीमने दयारामअण्णांकडे पाहिले. दयारामअण्णांनी छताकडे पाहिले. शुक्रवारी संध्याकाळी शुलामिथने दिवा लावला, जेवण वाढले आणि एवढेच विचारले, "उद्या जाणार?" निसीम म्हणाला, "एकच शनिवार." तिने पुसून ठेवलेल्या ट्रंकेकडे नजर टाकली. त्याला त्या रात्री पनवेलमध्येही झोप लागली नाही.

सकाळी जंगलात गोदूबाई त्याला पाहून थबकली. "आज तुमचा वार ना, भाऊसाहेब?"

"आज साहेबांचा वार आहे," निसीम म्हणाला आणि फूटपट्टी पुढे केली.

साहेबांनी ओढ्याकाठी एक पान मोजले: तेरा. माळावर एक मोजले: तेरा. ते इतके खूश झाले की त्यांनी पट्टी निसीमला परत दिली. जाताना म्हणाले, "पाहा, शिस्त लावली की रोपंसुद्धा ऐकतात. हीच व्यवस्था सबंध रानात करा." आणि जीपमध्ये बसता बसता, "आपटेकर, शनिवारी भेटत चला. तो दिवस मला मोकळा असतो."

मार्च १९५९ मध्ये निसीम कायम झाला. ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेली आणि तिच्यात हायमची पत्रे ठेवण्यात आली. निसीमचे टेबल खिडकीपासून हलवून, साहेब येत तेव्हा ज्या खोलीत बसत, तिच्या दाराबाहेर ठेवण्यात आले. तिथे ऊन येत नसे. दार उघडले की मात्र उजेडाची एक पट्टी पडे.

त्या उन्हाळ्यात आदेशाप्रमाणे सबंध रानाची छाटणी झाली. जूनच्या सुरुवातीला शुलामिथने शेवळांसाठी पिशवी दिली. दाट सावलीतल्या पाल्यापाचोळ्याखालून पावसाच्या तोंडावर शेवळाचे कोंब वर येतात. पनवेलची निम्मी घरे त्यात कोलंबी घालतात. शुलामिथच्या घरी कोलंबी चालत नाही, ती शेवळाची खाज मारायला काकडाची आंबट फळे आणि चवीला खिमा घालते आणि निसीम त्या एका भाजीसाठी वर्षभर थांबतो. बाजारात गोदूबाई रिकाम्या टोपलीशी बसली होती.

"शेवळां?"

"मागल्या साली आर्धी टोपली तरी भरली. औंदा नायच आली. सावली तुमी उठवलीत, तर ती कशाला येतील? सगळीच काय दिंडं नसतात, भाऊसाहेब. कोन बदलतो, कोन मरतो." तिने त्याला खालून वर न्याहाळले. "तुमी मातुर जगलाव. पातळ झालाव जरा. आन् ही मान कशानं वाकडी झाली?"

निसीमने मान सरळ केली. ती पुन्हा डावीकडे गेली. कचेरीत दार त्याच्या डावीकडे होते. त्याला एकदम लाज वाटली, इतकी की तो पिशवीची घडी घालून निघाला. दिवस शनिवारचा होता आणि त्याला साडेअकराला हजर व्हायचे होते.

तक्ता आजही लागू आहे, फक्त नंतर त्याला एक पुरवणी जोडली गेली: 'कनिष्ठ' या शब्दात वनस्पतींखेरीज इतरांचाही समावेश समजावा. नोंदीचे काम घरोघर चालू आहे. वाचकहो, निसीमला आपण हसलात हे नोंदवले आहे. हसण्याआधी वर कोणी बसले नाही ना, म्हणून आपण मान वळवून पाहिलेत, तेही नोंदवले आहे. मान तशीच वाकडी ठेवा, माप घ्यायला सोपे जाते.