विटक्या नाण्यांचं बक्षीस

पैशातलं मला कळतं! हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की शेंद्र्याच्या आमच्या कंपनीतल्या कॅन्टीनच्या भिंतींनासुद्धा ते पाठ झालं असेल. मी, सुदर्शन औताडे, स्टोअरला सुपरवायझर. काम नट-बोल्ट मोजायचं, पण जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की मी एकदम अर्थमंत्री! "एफडी? अरे, एफडी म्हणजे पैशाला दिलेली झोपेची गोळी!" असली वाक्यं मी फेकायचो अन पोरं माना डोलवायची. त्यातली निम्मी माझ्या डब्यातल्या लोणच्यावर डोळा ठेवून डोलवायची, हे मला फार उशिरा कळलं.

तर 'कॉइनकट्टा' नावाच्या एका अॅपवर मी बिटकॉइन घेतलं होतं. अख्खं नाही हो! त्याचा इतका बारीक तुकडा, की खाली पडला असता तर मुंगीनंसुद्धा वळून पाहिलं नसतं. पण तुकडा वाढत होता! रोज सकाळी देवाच्या आधी मी त्या हिरव्या आकड्याचं दर्शन घ्यायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तर काहीच झालं नसतं. पण मी सासुरवाडीला गेलो.

माझे सासरे नानासाहेब. मी त्यांना मामा म्हणतो अन सासूबाईंना मामी. खुलताबादच्या पलीकडं त्यांची अद्रकाची बागायत. जमीन भरपूर, मिशी त्याहून भरपूर, अन जावयावर आंधळा विश्वास! त्या साली अद्रकाला असा भाव लागला की मामांचे पाय बांधावर ठरेनात. त्या पैशातून सोन्याच्या पाटल्या करायच्या, हे सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, कधीचं ठरवून ठेवलेलं. मामांनी मला हळूच गोठ्याकडं नेलं.

"जावईबापू, ते तुमचं मोबाइलातलं सोनं लई वाढतंय म्हणं?"

"मामा, पाटल्यांचे पैसे सहा महिने माझ्याकडं द्या. मामींनी एक जोड सांगितलाय ना? आपण दोन करू!"

"पर हिला बोलायचं नाय बरं का! एकदम दोन जोड म्होरं ठेवू. तोंड बघण्यासारखं व्हईल तिचं!"

अन मामांनी पैसे दिले. सगळे! म्हशींच्या साक्षीनं. म्हशी तेव्हाच माझ्याकडं संशयानं बघत होत्या, पण म्हशीचं कोण ऐकतं?

एका सोमवारी अॅप उघडलं तर पाटी: 'देखभालीचं काम सुरू आहे.' मी म्हटलं, असेल. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तेव्हाही कुठंतरी देखभालच चाललेली असते. दुसऱ्या दिवशी बातमी आली. हॅकरांनी कॉइनकट्ट्याची तिजोरी धुऊन नेली! कोण, कुठले, काही पत्ता नाही. अन खाली कंपनीचं निवेदन: चोरीचा माल परत मिळवून देणाऱ्याला दहा टक्के बक्षीस! खुद्द चोरानं आणून दिला तरी बक्षीस!

"चोरालाच बक्षीस?" मोनिका, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मग चोरी तुम्हीच करायला पाहिजे होती. तुमचे किती गेले?"

"माझे थोडेच गेले."

"'माझे' म्हणजे? अजून कुणाचे होते?"

"नानांचे."

"किती?"

"पाटल्या."

मोनिकानं लाटणं खाली ठेवलं नाही. तेवढ्यानंच मला घाम फुटला!

"आत्ताच्या आत्ता गावाकडं जायचं," ती म्हणाली. "अन नानांना नीट, सरळ शब्दांत सांगायचं!"

आता सरळ शब्दांत बोलणं हा माझा प्रांतच नाही. मामांसमोर बसलो अन सुरू झालो, "मामा, डिजिटल मालमत्तेचं जरा अनधिकृत स्थलांतर झालंय."

"मराठीत सांगा की."

"नाणी चोरीला गेली."

मामा मटकन बाजेवर बसले. मिशीची दोन्ही टोकं खाली आली. मला राहवेना. "पण काळजीच नाही! कंपनीनं बक्षीस लावलंय! चोर सापडलाच म्हणून समजा!"

बक्षीस म्हटल्याबरोबर मिशी पुन्हा वर! मागं एकदा विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तेव्हा मामांनी बाजारात भोंगा फिरवून बक्षीस लावलं होतं. दोन दिवसांत मोटर आपल्या पायांनी चालत आल्यासारखी बांधावर हजर!

"कंपनी कुठली?" मामांनी विचारलं.

"सिंगापूरची."

"तिला काय कळतंय आपल्याकडचं? बक्षीस आपुनच लावायचं! बरुबर हाय का नाय? तुमी जाणकार, तुमी सांगा."

इथं मी 'मामा, तसं नसतं' म्हणायला पाहिजे होतं. पण समोरच्यानं जाणकार म्हटलं की माझ्या डोक्याचं दार आपोआप लागतं अन फक्त तोंड उघडं राहतं. "कल्पना वाईट नाही," मी म्हणालो. "तेवढीच जनजागृती होईल!"

पुढचं मामांनी एकट्यानं केलं. खुलताबादच्या आठवडी बाजारात भोंग्याची रिक्षा फिरली. मामींच्या कानावर आपलं नाव जाऊ नये म्हणून मामांनी मजकुरात सगळं माझंच घातलं. माझं नाव, माझा नंबर, चिकलठाण्याच्या आमच्या रो-हाऊसचा पत्ता! 'यांची बिटकॉइन नावाची अत्यंत किमती नाणी चोरीस गेली आहेत. आणून देणाऱ्यास भरघोस बक्षीस. नाव गुप्त ठेवण्यात येईल!'

रविवारी सकाळी दारात एक म्हातारी उभी. मनकर्णाबाई असं नाव तिनं स्वतःच सांगितलं.

"विटक्या क्वाइनवालं घर ह्येच का?"

"कसलं?"

तिनं चंची सोडली अन एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. इतकं झिजलेलं की छापा कुठला अन काटा कुठला, ते नाण्यालाही आठवत नसेल! "याच्यापरीस विटकं तुमाला साऱ्या जिल्ह्यात घावायचं नाय!"

तेव्हा कुठं उजेड पडला. भोंगेवाल्यानं बिटकॉइनचं 'विटकॉइन' केलं होतं, अन ऐकणाऱ्यांनी त्याचं 'विटकं क्वाइन'! ज्याच्याकडं जे काही विटकं होतं ते घेऊन सगळे आमच्याकडं निघाले होते!

दहा वाजेपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. कुणी भोकाचा पैसा आणला, कुणी निजामाच्या काळातला आणा. छावणीतून एक भंगारवाले चाचा बरणी घेऊन आले. "इससे ज्यादा घिसेला नै मिलता साब, लिख के देता मैं!" एका बहाद्दरानं तर लोखंडाची चकती काढली. मी ती एका नजरेत ओळखली!

"अहो, हा वॉशर आहे! आमच्याच कंपनीचा!"

"विटकाय ना पर?" तो म्हणाला.

"हे बघा, माझं नाणं असं हातात धरायचं नाहीच!" मी पायरीवर उभा राहून ओरडलो. "ते दिसत नाही! ते आभासी आहे!"

रांगेतल्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "लई महाग दिसतंय. बोलायला तयार नाय." अन रांग आणखी पुढं सरकली! धोतरवाला एक गृहस्थ कानाशी आला. "सायेब, शेतात हंडा लागलाय. पर नाव गुप्त ठेवताल ना?"

एवढ्यात मामा अन मामी रिक्षातून उतरले. मामा 'माल' किती जमला ते बघायला आलेले अन मामी हट्टानं बरोबर. त्यांनी सरळ माझ्याजवळ येऊन पदराची गाठ सोडली. आत त्यांच्या आईनं दिलेला चांदीचा रुपया.

"जावयाचं नुकसान झालं म्हणून आयकलं. ह्यो घ्या. तुमचाच असंल तर बरंच झालं, नसंल तरी ठिवा. बक्षीस नको मला."

रुपया त्यांनी माझ्या रिकाम्या हातात ठेवला. मामा छताकडं बघायला लागले. आम्ही उघड्यावर उभे होतो, तिथं छत नव्हतंच!

बहुतेक शेजाऱ्यांनीच फोन केला असावा. गल्लीत पोलिसांची गाडी वळली. हंड्यावाले गृहस्थ मागच्या भिंतीवरून असे गेले की फक्त चपला उरल्या. गाडीतून हवालदार कडूबा उतरले अन त्यांच्यामागं फौजदार तनुजा मॅडम.

"गुप्तधनाची खरेदी चाललीय म्हणं हितं!" कडूबा गरजले. "नाणी काढा!"

"साहेब, नाणी नाहीत."

"लपवली?"

"चोरीला गेली."

"दिसायला कशी व्हती?"

"ती दिसत नसतात."

कडूबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. सकाळी सकाळी घेतलीय का, अशी ती नजर होती. "बरं. आणली कुठून?"

"कॉइनकट्ट्यावरून."

"कट्टा?" कडूबांचा हात कमरेला गेला. "घरात कट्टा हाय? गावठी का?"

"नाही हो! सिंगापूरचा!"

"मॅडम!" कडूबा किंचाळले. "विदेशी कट्टा! मामला मोठा हाय!"

रांग एका क्षणात दोन फूट मागं सरली. मनकर्णाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत, त्यांचं नाणं माझ्या मुठीत होतं.

तनुजा मॅडमनी कडूबांना हातानं थांबवलं. चला, शिकलेलं माणूस आलं! मी घसा साफ केला. "मॅडम, तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. समजा, एक साखळी आहे..."

"कॉइनकट्टा अॅप हॅक झालं ना? कळलं," मॅडम म्हणाल्या. "तक्रार कुठं दिलीत? सायबरच्या हेल्पलाइनला फोन केला?"

"नाही."

"का?"

"बक्षीस लावलं ना."

मॅडमनी डोळे मिटले. उघडायला त्यांनी बराच वेळ घेतला. "कडूबा, घ्या लिहून. पैसे कुणाचे होते?"

"थोडे माझे," मी म्हणालो.

"अन बाकीचे?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी पुन्हा ते नसलेलं छत गाठलं.

"बाकीचे एका शेतकऱ्याचे."

"आगं बाई!" मामी कळवळून पुढं आल्या. "जावईबापू, कोण हो त्यो येडा? घाम गाळून कमावलेलं असं न दिसणाऱ्या पैशात घालायचं? बायकापोरं हायती का नाय त्याला?"

मोनिका माझ्यामागं उभी होती. तिनं मला कोपरानं असं ढोसलं की मी एक पायरी खाली आलो. पण पैशातलं कळणाऱ्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली होती!

शेवटी मामाच पुढं झाले. टोपी काढली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ते एकदम लहान दिसायला लागले.

"मीच हाय गं त्यो," ते म्हणाले. "पाटल्यांचे पैसे. दोन जोड करीन म्हटलं तुला."

मामींचं तोंड खरंच बघण्यासारखं झालं. पण बघायची कुणाची छाती होती? त्यांनी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या दुसऱ्या हातातल्या त्यांच्या रुपयाकडं. तो त्यांनी सावकाश उचलला, पदरात बांधला अन गाठीवर दोन गाठी मारल्या.

"मॅडम, घ्या लिहून," त्या म्हणाल्या. "नाव नानासाहेबच लिव्हा. येडा नका लिव्हू. गावात इज्जत हाय."

मॅडमनी रांग पांगवली, शेतात हंडा लागला तर सरकारला कळवायचं असतं हे सगळ्यांना बजावलं अन माझ्याकडून तक्रार लिहून घेतली. मनकर्णाबाई नाणं घेऊन जाताना म्हणाल्या, "यायचं-जायचं भाडं तरी द्या." मोनिकानं ते दिलं. चकतीवाल्यानंही मागितलं!

त्यानंतर घरात भांडण होईल म्हणून मी तयारीत होतो. पण जावयाला कोण रागावतं? मामींनी मला पाटावर बसवून जेवू घातलं, आग्रह करून भात वाढला अन माझ्यासमोरच मामांना शिक्षा सुनावली. यंदाच्या अद्रकाची सगळी रक्कम मामींच्या खात्यात जाणार! मामांना तंबाखूसुद्धा मागून घ्यावी लागणार! मामा खाली मान घालून "व्हय, व्हय" म्हणत होते अन प्रत्येक 'व्हय'ला मी कालवलेला भात पुन्हा कालवत होतो. मला सरळ चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गोड लागलं असतं!

कॉइनकट्ट्याची मेल अजून येते. चोर सापडलेला नाही, शोध सुरू आहे, बक्षीस वाढवलंय. मामींच्या पाटल्यांसाठी मी आता पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला टाकतो. टाकतो म्हणजे मोनिका टाकते. पगार थेट तिच्याकडंच जातो.

अन परवा काय झालं! मामांच्या गावचे तिघं जण आमच्याकडं आले. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा.

"सायेब," त्यातला एक म्हणाला, "तुमच्या नाण्यांपायी पोलिसांची गाडी आली, मॅडम आल्या. म्हंजी माल अस्सल असणार! आमालाबी घेऊन द्या की थोडी."

मी त्यांना 'नाही' म्हणणार होतो. शपथेवर सांगतो, 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं! फक्त नीट समजावून नाही म्हणावं, म्हणून मी खुर्ची जरा पुढं ओढली, मोबाइल काढला अन म्हणालो, "हे बघा, त्याचं असं असतं..."

"पाव्हणं, चहा घ्या अन निघा!" स्वयंपाकघरातून मोनिकाचा आवाज आला. "आज साहेबांचं मौन आहे!"

तेव्हापासून आमच्याकडं कुणीही आलं की माझं मौन असतं. लोकांना वाटतं, मी अध्यात्माकडं वळलो.