मेगामीटरवाले बोंडेकाका

मे महिन्यातली दुपार. रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, कुत्री नळाखालच्या ओलीत पसरलेली, आणि आमचे शेजारी बोंडेकाका फाटकात उभे राहून सांगतात, "काही गरम नाही गा. शून्य पॉइंट झिरो चार सहा किलोअंश आहे फक्त."

म्हणजे सेहेचाळीस अंश.

काकांनी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, आम्ही त्रिमूर्ती नगरवाले सापडलो. "माणूस शून्याले भेते. उपसर्ग लाव, शून्यं पळतात," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्रासाची गोष्ट असली की किलो, मेगा, गिगा असं चढत जायचं. आकडा आपोआप लहान होतो. सुखाची असली की मिली, मायक्रो असं उतरायचं; आकडा फुगतो. डॉक्टरांनी ब्याण्णव किलो वजन सांगितलं तर काका त्यांनाच ऐकवतात, "शून्य पॉइंट झिरो नऊ दोन मेगाग्राम. काहून घाबरवता?" आणि तेच काका कोपऱ्यावर पोह्यांवर तर्री घेताना म्हणतात, "पन्नास हजार मायक्रोलिटर टाक." ठेलेवाला मुकाट्यानं एक पळी टाकतो.

काकूंना याचा मनस्वी कंटाळा. "मीठ किती टाकू विचारलं तं मिलिग्राममधी सांगते हा माणूस! काहून केलं मी मास्तराशी लग्न?" असं त्या माझ्यासमोर म्हणतात, आणि काका खूश होऊन हसतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, केतकीला, जर्मनीत नोकरी लागली. दोन वर्षांचा करार. जर्मनी सात हजार किलोमीटर आहे हे कळल्यावर काकूंनी जेवणच सोडलं. मी लिंबं द्यायला गेलो होतो, तर काका ताट घेऊन त्यांच्यासमोर बसलेले.

"सात हजार कोण म्हणते वं? सात मेगामीटर! आपल्या घरून विमानतळ सात किलोमीटर, अन् जर्मनी सात मेगामीटर. सातचे सात!"

"सातच?"

"सातच."

काकू जेवल्या. ही शुद्ध फसवाफसवी होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

केतकीला विमानतळावर सोडायला माझीच गाडी होती. काका वाटभर तिच्या बॅगांचं वजन मेगाग्राममध्ये सांगत होते. ती आत गेली, वळून हात हलवला आणि गर्दीत दिसेनाशी झाली. परतताना वर्धा रोडवर मी आपलं वातावरण हलकं करायला विचारलं, "काका, मेगामीटर किती म्हणालात?"

शेजारच्या सीटवर काका बाहेर बघत होते. म्हणाले, "लय दूर गेली गा पोरगी."

ना आकडा, ना उपसर्ग. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना.

मागच्या सीटवरून काकू पुढे सरकल्या.

"अजी," त्या म्हणाल्या, "दोन वर्षाचे गिगासेकंद किती होतात, सांगा बरं मले."

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. बोटांवर काहीतरी मोजलं.

"शून्य पॉइंट... झिरो सहा तीन."

"मंग काहीच नाही तं," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून घर येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.