दोन आवाजांचा डबा

सबनीस कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि स्टीलचे डबे बोटाने वाजवून बघतात. आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी माझा लाडवांचा डबा कानाशी धरला, टकटक केलं आणि भर पाहुण्यांत म्हणाले, "पत्रा उत्तम आहे. लाडू दुसरीकडे काढता येतील का?" मी पुण्याची. कुणी काही मागितलं की आधी 'नाही' म्हणायचं, हे माझ्या रक्तात आहे. पण चेहरा इतका भाबडा, की लाडू परातीत गेले आणि डबा वरच्या मजल्यावर.

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत सबनीस बरोब्बर माझ्या डोक्यावर राहतात. नोकरी कसल्याशा कंपनीत, पण जीव गिटारच्या पेडलमध्ये. पेडल म्हणजे पायाने दाबायची पेटी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की बदलून बाहेर येतो. लोक विकत आणतात, सबनीस घरी करतात, आणि पेटी म्हणून वापरतात वहिनींचे डबे. "चिवड्याचा डबा दिसेनासा झाला की समजायचं, घरात नवा आवाज आला," असं वहिनी म्हणतात. गंमत म्हणजे यांना स्वतःला गिटार येत नाही! एक तार छेडतात, टंग्, आणि डोळे मिटून बसतात. वाजवते ती मुलगी, मुक्ता.

"जोड कच्चा नको" हे त्यांचं पालुपद, पेडलच्या तारा डाग देऊन जोडता जोडता जिभेवर बसलेलं. माझी आमटी चाखून म्हणणार, "फोडणीचा जोड कच्चा राहिलाय." सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला म्हणाले, "भाईसाब, आपकी बात का जोड़ कच्चा है." तो बिचारा दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन पाण्याचे पाइप तपासत होता.

बापलेकीचं एक भांडण कायमचं. बाबांनी केलेला पेडल 'घुमऱ्या': एकदा वाजवलेला सूर पुन्हा पुन्हा, विरत विरत ऐकवणारा. मुक्ताने कॉलेजात असताना केलेला 'खरखऱ्या': सुराचा घसा बसवणारा. दोन्ही एकदम लावायचे तर पुढे कुठला? सबनीस म्हणत, मोठ्यांचा मान आधी, घुमऱ्या पुढे. मुक्ता म्हणे, "यार बाबा, त्याने सगळ्याचं पिठलं होतं! आधी खरखर, मग ती घुमू दे."

मला दोन्ही चालायचं. हिवाळ्यात रविवारी सकाळी समोरचे टॉवर धुक्यात गडप झालेले असतात. मी चहा घेऊन बाल्कनीत बसते. वरून एक टंग् सुटायचं आणि पांढऱ्या धुक्यातून लांब लांब जात राहायचं. वाटायचं, कुणीतरी फार दुरून हाक मारतंय आणि ओ द्यायची काही घाई नाही. चहा निवून जायचा. खरं सांगते, या गावात मला इतकं बरं दुसऱ्या कशानेच वाटलेलं नाही.

यंदा मुक्ताला बंगळुरूला नोकरी लागली. "बाबा, माझा खरखऱ्या तेवढा दे," ती म्हणाली. झालं! आज देतो, उद्या देतो, स्विच सैल झालाय. शेवटी जाहीर केलं, दोन्ही पेडल एकाच डब्यात बसवून देतो, म्हणजे पोरीला दोन ओझी नकोत. ओझी म्हणे! दोन्ही मिळून एका नारळाएवढीसुद्धा नव्हती.

या वेळी डबा वहिनींनी आपणहून काढून दिला. आजीने पहिल्या वाढदिवसाला दिलेला, झाकणावर 'चि. मुक्ता' असं नाव घातलेला. एरवी त्याला हात लावायची सबनिसांची टाप नव्हती. त्यांनी भोकं पाडली, पण नावाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही.

मुक्ता निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला डबा बघायला बोलावलं. आत आधी खरखऱ्या होता, मग घुमऱ्या.

"अहो, मोठ्यांचा मान कुठे गेला?"

"तिचंच बरोबर होतं. पहिल्यापासून," सबनीस म्हणाले. "पण मान्य केलं असतं तर भांडण संपलं असतं ना."

वहिनी चहा टाकायला उठल्या, तसे ते माझ्याकडे झुकले. "तुम्हाला म्हणून सांगतो. माझ्या घुमऱ्यात एक जोड कच्चा ठेवलाय."

मी उडालेच. "तुम्ही?"

"खरखऱ्या तिला दुरुस्त करता येतो. माझा नाही येत. चार दिवसांनी तार सुटेल, मग फोन करावाच लागेल."

"अहो, ती तशीही करेलच की फोन!"

"करेल हो. 'जेवलास का' विचारेल. जेवलो म्हटलं की संपलं, पुढे मला सुचत नाही काही. तार सुटली की तासभर बोलता येईल."

तेवढ्यात वहिनी आल्या. चहा घेतला आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मुक्ता भेटली. पाठीवर गिटार, छातीशी डबा. सबनीस आधीच खाली जाऊन टॅक्सीत बॅगा ठेवत होते.

"काकू, बाबाने एक जोड कच्चा ठेवलाय," ती म्हणाली. "सकाळी उघडून बघितलं."

मी विचारलं, "मग? केलास पक्का?"

"करता येतो मला. घुमऱ्या सगळाच येतो, त्याचंच बघून तर शिकले." तिने झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. "तसाच राहू दे ना, काकू. त्याला सांगू नका हं."

लिफ्ट उघडली. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात डिकीपाशी सबनीस.

"डबा हातातच ठेव गं," ते ओरडले. "रस्त्यात धक्के बसले तर जोड..." आणि त्यांनी जीभ चावली.

"माहितीय, बाबा," मुक्ता म्हणाली.